कापतोय की भरतोय?

माझे काका आप्पा कुणाच्याही घरी गेले, की आधी घरामागचं गटार बघून येतात. पेणला आमच्या ओळखीत असं एकही घर नसेल, ज्याच्या मागच्या अंगाला ते वाकून उभे राहिलेले नाहीत. मग सरळ होऊन विचारतात, "कापतोय की भरतोय?" वाहत्या पाण्याला त्यांच्या मते दोनच धंदे: तळ कापायचा, नाहीतर गाळानं भरायचा. माणसांनाही तेच माप. शेजारचा मुलगा नोकरी सोडून घरी बसला, तेव्हा त्याच्या आईला धीर देत म्हणाले, सध्या कापतोय, भरेल.

हे वेड त्यांनी माणदेशातून आणलं. तिथल्या शाळेत त्यांनी सारी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. त्या कोरड्या मुलखात पाऊस क्वचित येतो, आणि आला की एका दुपारी सगळा. माळ गुरांनी चरून उघडा पडलेला. पाणी गुरांच्याच पायवाटेनं धावत सुटतं आणि वाटेची घळ होते. पुढं काही वर्षं पाऊस बेतानं पडला, काठाला गवत धरलं, की तीच घळ हळूहळू भरून येते. हे पावसामुळे होतं की माणसामुळे, यावर आप्पा जेवणाच्या पानावर हात वाळेपर्यंत बोलायचे. निकाल ठरलेला असे: पावसामुळे. माणसाला उगाच मोठेपणा देऊ नका म्हणायचे. अलीकडे मात्र ते निकाल देत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

रोह्याला माझा साखरपुडा झाला. बाबा नाहीत, म्हणून आमच्याकडून वडीलधारे आप्पाच. अंगठ्या घालायची वेळ झाली आणि आप्पा गायब. सापडले मांडवामागच्या नाल्यात, नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी काठावरून विचारलं, काही पडलं का तुमचं?

"तुमचा काठ पडतोय," आप्पा म्हणाले.

वर आल्यावर त्यांनी सासऱ्यांना समजावलं, की गवत विरळ झालं की धूप व्हायचीच. ते नाल्याबद्दलच बोलत होते. पण सासऱ्यांना टक्कल आहे, आणि मांडवात कुणालाच ते नाल्याबद्दल वाटलं नाही. चिखलाची पावलं पार चौरंगापर्यंत उमटली होती. मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिकडच्या बायका कौतुकानं म्हणाल्या, मुलगी लाजरी आहे.

लग्नात जरा मागे मागे राहा, असं आप्पांना सांगायचंच, हे मी घरी येतानाच ठरवलं. रविवारी ते कासूला आमच्या शेतावर जातात, म्हणून त्यांच्याबरोबर गेले.

आमच्या शेतातून एक वहाळ जातो. पूर्वी तो वळणं घेत जायचा. आप्पा निवृत्त होऊन आले आणि त्यांनी पोकलेन लावून तो सरळ केला, भाताची खाचरं चौकोनी व्हावीत म्हणून. एवढं मला माहीत होतं. शेताच्या खालच्या अंगाला मात्र मी कधी गेले नव्हते. तिथं वहाळाच्या काठी आदिवासीवाडी आहे. सरळ झालेलं पाणी तिथं जोरात येऊन आदळलं, तळ खोल कापत गेलं, काठ ढासळले आणि बारकीबाईचं परस एका पावसाळ्यात गेलं. न्हाणी गेली, शेवगा गेला. बारकीबाई आमच्याच खाचरात लावणीला येते. तिच्या मागच्या दारातून आता सांभाळून पाऊल टाकावं लागतं.

त्या रविवारी आप्पा थेट तिथंच गेले आणि वहाळात उतरून दगडांचा आडवा बांध रचायला लागले. त्याला अडून पाणी मंद होतं आणि गाळ खाली बसतो. पावसाळ्यात दगड वाहून जातात, आप्पा पुन्हा रचतात. काठाला त्यांनी निरगुडी लावली होती. एका कोपऱ्यात गाळ खरंच चढला होता.

मी काठावर बसले आणि लग्नाचा विषय काढला. आप्पांना वाटलं, मी साखरपुड्याचं विचारतेय. त्या नाल्याच्या खाली कुणाचंतरी घर होतं, म्हणून मांडवात बसवेना, असं काहीतरी ते पुटपुटले. मग दगडावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओढा सरळ करू नये, हे मी पोरांना जन्मभर शिकवलं गो. परीक्षेत प्रश्न घालायचो. आणि आपलं शेत आलं तेव्हा..."

त्यांनी पुढचा दगड उचलून बांधावर बसवला. लग्नात मागे राहा, हे सांगायचं मी सोडून दिलं. मांडवात मान खाली घातली होती, तेव्हाच्या लाजेपेक्षा ही लाज वेगळी होती.

थोड्या वेळानं बारकीबाई मागच्या दारात कोरा चहा घेऊन आली. बसलेल्या गाळात यंदा काकडी लावीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे आप्पा जास्तच खाली बघायला लागले. ते वहाळातून वर आले आणि त्यांनी कप दारातच हातात घेतला.

"आप्पा, दर येळी भायेरच," ती म्हणाली. "आत येऊन बसा नं."

"नको. पाय चिखलाचे आहेत माझे."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. वर येताना त्यांनी ते चांगले चोळून धुतले होते. नखांतसुद्धा माती नव्हती.