पेंढ्याचा टक्का

वारज्यातल्या त्या सोसायटीत ड्राय बाल्कनीमध्ये धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, पिकवण्यास कोणत्याही नियमाने मनाई नव्हती. भिंतीला नवीन भोक पाडण्यास मात्र होती. त्यामुळे बिल्डरने कपड्यांच्या दांड्यांसाठी ठोकलेले सहा हूक, एवढंच नम्रताचं शेत. सहा हुकांना सहा पिशव्या, पेंढ्याने गच्च भरलेल्या. भाताचा पेंढा खडकवासल्यापलीकडून यायचा. तो भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळू द्यायचा, मग पेंढ्याचा थर, त्यावर बियाणं, पुन्हा थर. ही सगळी कामं पूर्वा झोपलेली असतानाच करता यायची, आणि पूर्वा दहा महिन्यांची असल्यामुळे झोपेबाबत तिचं धोरण अद्याप निश्चित झालेलं नव्हतं.

नम्रताची बिनपगारी रजा तीन-चार महिन्यांत संपणार होती; त्याआधी घरबसल्या कमाई जमली तर नोकरी सोडता आली असती. लेकीचं पहिलं पाऊल पाळणाघरातल्या बाईंनी आपल्याला फोनवर कळवू नये, एवढीच तिची इच्छा होती. वाट दाखवली ती समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असलेल्या पोळी-भाजी केंद्राच्या प्रेमलाकाकूंनी. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्या मशरूमची भाजी करायच्या.

"तीन महिने दोन-दोन किलो दे," काकू म्हणाल्या. "जमलं तर पुढे दर आठवड्याला तुझ्याकडूनच घेईन. नाही जमलं तर कात्रजचा माणूस आहेच. तो टेम्पो घेऊन येतो आणि बोलत नाही, हे दोन्ही मला आवडतं."

पहिला शुक्रवार उत्तम गेला. सव्वादोन किलो अळिंबी निघाली. काकूंनी पिशवीत डोकावून "हं" म्हटलं. त्यांच्याकडून एवढं कौतुक याआधी कुणाला मिळाल्याची नोंद नव्हती.

पण त्याच रात्री नम्रताचा नवरा प्रज्ञेश, जो हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसला.

"नम्रता, एक गंभीर बाब आहे. पाच पिशव्यांमध्ये एक-एक किलो पेंढा होता. त्यांनी चारशे-चारशे ग्रॅम दिले. सहाव्या पिशवीला पेंढा कमी पडला म्हणून तू अर्धाच किलो भरलास. तिने अडीचशे दिले."

"बिचारी. लहान होती."

"लहान होती, पण पन्नास टक्के! मोठ्या पिशव्या चाळीस टक्क्यांवर लोळताहेत."

"अरे, पण चारशे अडीचशेपेक्षा जास्त असतात ना?"

प्रज्ञेशने तिच्याकडे नव्याने भरती झालेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "तू टोटल बघतेस. टोटल कुणीही बघेल."

मग तो अगदी मनापासून म्हणाला, "तू किती दमतेस. या वेळी पिशव्या मी भरतो. तू झोप." दहा महिन्यांत नम्रताला कुणी "झोप" म्हटलं नव्हतं. ती वाक्याचा उत्तरार्ध ऐकून लगेच झोपली आणि पूर्वार्धाचा विचार करायचा राहून गेला.

प्रज्ञेशने सहाही पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो पेंढा भरला. टक्का पन्नासवर गेला आणि अळिंबी दीड किलोवर आली.

"काकू, अर्धा किलो कमी आहे," नम्रता खाली मान घालून म्हणाली. "पण टक्का वाढलाय."

"अस्सं? मग पुढच्या वेळी टक्काच फोडणीला घालते." काकूंनी बटाटे सोलायला घेतले. "या वेळी चालवून घेते. पुढच्या वेळी नाही."

नम्रताने घरी येऊन स्वच्छ शब्दांत सांगितलं, की पुढच्या खेपेला प्रत्येक पिशवीत किलोभर पेंढा जाईल. प्रज्ञेशने मान डोलावली. पण पूर्वाला लसीचा ताप आला, आठवडाभर ती आईच्या कडेवरून उतरेना, आणि तेवढ्यात प्रज्ञेशने बाल्कनीची जबाबदारी 'आपण होऊन' स्वीकारली. त्याच्या कंपनीतही तेव्हा असंच वातावरण होतं. बारा जणांचं काम सात जण करत होते, आणि उरलेल्या पाच जणांना निरोपाचा केक मिळाला होता.

नम्रता बाल्कनीत गेली तेव्हा हुकांना पिशव्या नव्हत्याच. सहा प्लॅस्टिकचे ग्लास लटकत होते. प्रत्येकात चिमूटभर पेंढा, आणि त्यावर एकेक अळिंबी, कानाच्या पाळीएवढी.

"दहा ग्रॅम पेंढ्यावर बारा ग्रॅम!" प्रज्ञेशने लॅपटॉप तिच्यापुढे धरला. "एकशे वीस टक्के, नम्रता!"

"प्रज्ञेश, अळिंबीत बहुतेक पाणीच असतं रे."

"म्हणजे हे खडकवासला धरणाच्या पाण्याचं कौतुक चाललंय तर," आतून सत्यशीलाबाई म्हणाल्या. या प्रज्ञेशच्या आई. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. "आमच्याकडेही एका विभागात शंभर टक्के हजेरी असायची. विभागात माणूस एकच होता."

प्रज्ञेशने ते मनावर घेतलं नाही. त्याला बाथरूमच्या दारापाशी काहीतरी दिसलं होतं. वरच्या मजल्यावरच्या गळतीने चौकट ओली झाली होती, आणि तिथे कुत्र्याची एक काळपट छत्री आपली आपण उगवली होती. तिला कुणी बियाणं दिलं नव्हतं. पेंढाही दिला नव्हता.

"पेंढा शून्य," प्रज्ञेश पुटपुटला. "शून्याने भागलं तर टक्का अनंत." त्याने तिचा फोटो काढून ऑफिसात पाठवला. साहेबांचं उत्तर लगेच आलं: असं पीक आपल्याकडे का येत नाही, यावर सोमवारी बैठक घेऊ.

शुक्रवारी नम्रता सहा अळिंब्या वाटीत घालून काकूंकडे गेली. काकूंनी वाटीत पाहिलं, मग नम्रताकडे पाहिलं. मग वाटी झाकून तिच्या हातात परत दिली. जिना उतरताना तिला कात्रजचा टेम्पो आत वळताना दिसला.

सोमवारी कामावर रुजू होत असल्याचं तिने रविवारी ऑफिसला कळवलं. रात्री सगळे जेवायला बसले. पूर्वा तिच्या मांडीवर भात चिवडत होती.

"प्रज्ञेश," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "आता या घराचाही हिशेब मांड. कामं किती आणि करणारी माणसं किती?"

प्रज्ञेशला असे प्रश्न आवडायचे. त्याने ताटाशीच लॅपटॉप उघडला. स्वयंपाक, धुणं, लस, पाळणाघराची पिशवी, विजेचं बिल, आईंची गोळी, आणि उद्यापासून ऑफिस. सगळ्या कामांसमोर एकच नाव येत होतं. आकडा बघून तो थक्क झाला.

"आई! अख्ख्या घरात नम्रताच सगळ्यात एफिशियंट!" त्याने टाळ्या वाजवल्या. ते पाहून पूर्वानेही वाजवल्या.

"मग उद्या सकाळी पूर्वाला पाळणाघरात तू सोडशील?" नम्रताने विचारलं.

प्रज्ञेशने प्रामाणिकपणे विचार केला. "सोडलं असतं गं. पण आणखी एक माणूस लावला की टक्का पडतो."

सोमवारी नम्रताने लेकीला सोडलं, ती दाराआड दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला आणि बस पकडली. पाळणाघरातल्या बाईंचा फोन गुरुवारी आला. त्या फार आनंदात होत्या.

प्रज्ञेशचं आपल्याला हसू आलं असेल. येऊ द्या. हे वाचता वाचता चहा झालाच असेल आणि रिकामा कप शेजारी असेल. तो कुणी आणून दिला, हे आठवत बसू नका. आणि कृपा करून तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवू नका. टक्का पडेल.