करकोचे आणि साडेसहाची बस

सहा वाजता यायचा तो चहा सहा वाजून नऊ मिनिटांनी आला, अशी नोंद प्रसेनजितने वहीत केली आणि सुकेशनीचा संयम संपला.

"चौदा वर्षं तुमची वाट पाह्यली," ती म्हणाली, "आन् आता दोन महिन्यांतच वाटून राह्यलं का हा माणूस परत कवा जाते! मी काय तुमच्या कंपनीतली मजूर हाय?"

प्रसेनजित कतारमध्ये, दोह्याला, टॉवर क्रेन चालवायचा. साठ मीटर उंचीवर काचेची खोली, कानाला वायरलेस, खाली मुंगीएवढी माणसं आणि मिनिटामिनिटाला हुकूम. ते सगळं सोडून तो मेडशीपासून चार किलोमीटर आत असलेल्या आपल्या गावात कायमचा परतला होता. सोयाबीन निघालं होतं, तुरीला अवकाश होता, घाई कोणालाच नव्हती. दोन महिन्यांत त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, कोंबड्यांना नंबर दिले आणि शेजारच्या पुंजाजीकाकांना गप्पा मुद्द्याला धरून मारायला सांगितलं.

"एखांदा छंद धरा," सुकेशनीने हात जोडले. "घराच्या बाहेरचा."

छंद आपणहून चालत, म्हणजे उडत आला. डिसेंबरात गावामागच्या तलावावर लांब मानेचे राखाडी पक्षी उतरले. प्रसेनजितने मोबाइलवर शोधलं. कांड्या करकोचा! पार मंगोलियाकडून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. इंग्रजी नाव वाचून तर तो अंगणात उडीच मारायचा बाकी राहिला.

"सुकेशनी, याले इंग्रजीत क्रेनच म्हणतात वं!"

"म्हणजे तटी दोह्यात क्रेन, अटी गावातबी क्रेन," ती म्हणाली. पण माणूस घराबाहेर पडतोय म्हटल्यावर खूश झाली.

त्याने अकोल्याहून दुर्बीण आणली. पण काठावर पाऊल टाकलं की अख्खा थवा उडून जाई. लांबून आणि उंचावरून पाहायला हवं होतं, आणि गावात उंच अशी एकच गोष्ट होती: पाण्याची टाकी.

सोमवारी पहाटे फोन घरी चार्जिंगला लावून तो टाकीचा लोखंडी जिना चढला. धुकं विरलं आणि त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. तलावाचा काठ करकोच्यांनी भरून गेला होता. तो हरखून मोजू लागला. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस...

"अरे, प्रसेनजित चढला रे टाकीवर!" खालून पुंजाजीकाकांनी बोंब ठोकली.

टाकीवर चढलेला माणूस पक्षी पाहत असेल, अशी शंका आपल्याकडे कोणालाही येत नाही. दहा मिनिटांत खाली पन्नास माणसं जमली.

"काय मागणी हाय रे तुही?" पुंजाजीकाकांनी विचारलं.

ओरडून उत्तर दिलं असतं तर करकोचे उडाले असते. म्हणून प्रसेनजितने दोन्ही हात जोरजोरात हलवून 'काही नाही' असं कळवलं.

"पाहा! काईच आयकाले तयार नाई!"

आता उतरलेलं बरं, म्हणून तो चार पायऱ्या खाली आला. लगेच गलका झाला, "उतरू नको! लेखी घेतल्याबिगर उतरू नको!" तो मुकाट्याने परत वर गेला.

एवढ्यात गर्दी बाजूला सारत सुकेशनी आली. दुर्बिणीतून तिला पाहून प्रसेनजितचा जीव भांड्यात पडला. ती आता सगळ्यांना खरं सांगणार! ती सांगणारही होती. पण गर्दीत कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. सकाळची साडेसहाची बस बंद होऊन वर्ष झालं होतं आणि त्या रोज मेडशीपर्यंत चालत जायच्या. गावाने तीन अर्ज दिले होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. सुकेशनीने मुलींच्या धुळीने माखलेल्या चपलांकडे पाहिलं, मग जमलेल्या गावाकडे पाहिलं. इतकी माणसं तिच्या लग्नातही आली नव्हती.

"ते बससाठी चढले!" ती कडाडली. "बस चालू झाल्याबिगर उतरत नाईत!"

दुर्बिणीत बायकोची वळलेली मूठ दिसली आणि प्रसेनजित मटकन खाली बसला.

नऊ वाजता पोलीस आले. साडेदहाला तालुक्याहून नायब तहसीलदार रुचिका मॅडम आल्या आणि समजूत काढायला धापा टाकत स्वतः वर चढल्या.

"चला, उतरा खाली. मागणीचा विचार करू."

"मॅडम, हळू बोला," प्रसेनजित कुजबुजला. "उडतीन ते."

"कोण?"

त्याने दुर्बीण पुढे केली. मॅडमनी नाइलाजाने डोळ्यांना लावली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई! तो नाचतोय!"

एक करकोचा पंख पसरून गिरक्या घेत होता आणि दुसरा त्याच्यासमोर लवून लवून मान हलवत होता.

"बसून पाहा, मॅडम. हात हालत नाई."

मॅडम बसल्या. खाली एकच जल्लोष उसळला.

"मॅडमबी बसल्या रे!"

मॅडमचा ड्रायव्हर घाबरला. त्याने तालुक्याला फोन करून सांगितलं, की आपल्या मॅडम आंदोलनात सामील झाल्या आहेत. दुसऱ्याच मिनिटाला वर मॅडमचा फोन वाजला.

"सर, मी टाकीवर आहे," त्या दुर्बीण न काढता म्हणाल्या. "नाही सर. आत्ता मला उतरता येणार नाही."

पाऊण तासात लेखी पत्र आलं. उद्यापासून साडेसहाची बस सुरू!

खाली हार तयार होते. ते गळ्यात पडत असताना प्रसेनजितने प्रामाणिकपणे सांगून पाहिलं, "काका, मी तं निस्ते पाखरं पाहाले गेल्तो."

"एवढा मोठा नेता झाला तरी मजाक करते पोट्टा!" म्हणत पुंजाजीकाकांनी त्याला मिठी मारली.

संध्याकाळी घरी प्रसेनजित करकोच्यांच्या नाचाचं वर्णन करत थकत नव्हता. सुकेशनीचा घोषणा देऊन आवाज बसला होता, पण गाल लाल झाले होते आणि तिला एका जागी बसवत नव्हतं.

"गावच्या दवाखान्यात सा महिन्यांपासून नर्सबाई नाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गुरुवारी जमते काय तुमाले चढाले?"

"मी पाखरं पाहाले चढतो, सुकेशनी!"

"मंग पाखरंच पाहा ना तुमी. खालचं मी पाह्यते. अन् हे करकोचे कधीलोक राह्यतात?"

"मार्चलोक. हिवाळा सरला का उडून जातीन."

"मार्चलोक!" सुकेशनीचे डोळे चमकले आणि ती बोटांवर गावाची अडलेली कामं मोजू लागली.