पहिल्या पटावरचा फितूर

"माझ्यासारखा माणूस नाशिकला शंभर वर्षांतून एकदा मिळतो," खंडेराव म्हणत, "आणि या खेपेला तो पाटबंधारे खात्याच्या आवक-जावक विभागात अडकला, हे शहराचं दुर्दैव."

निवृत्त होताच त्यांनी हे दुर्दैव दूर केलं. कार्डं छापून घेतली: 'खंडेराव. खाजगी गुप्तहेर. सर्व प्रकारचे संशय घेतले जातील.' नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची, असं ते स्वतःबद्दल सांगत. एकाच माणसात एवढे प्राणी पाहून जयरामांना दडपण येई.

जयराम त्यांचे सहायक. तीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होते. कुणी पत्ता विचारला, तर स्वतःच्या गल्लीचासुद्धा खात्रीनं सांगत नसत. खंडेरावांनी 'तुम्ही माझे सहायक' असं जाहीर केलं, तेव्हा 'नाही' म्हणायला धीर लागला असता, म्हणून ते झाले. आजवर दोघांनी तीन प्रकरणं हाताळली होती. दोन आपोआप सुटली, तिसऱ्यात तक्रारदारानंच तक्रार मागे घेतली.

चौथं प्रकरण घडलं २००४ सालच्या उन्हाळ्यात, कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत. नाशिकच्या चौघांच्या संघाचे लासलगावच्या संघाशी इंटरनेटवरून बुद्धिबळाचे सामने ठरले होते. ओळीनं तीन रविवार. पहिल्या पटावर शाळेतल्या बाई शुभांगी, दुसऱ्यावर बँकेतला ललित, तिसऱ्यावर मखमलाबादचे फूलशेतीवाले सावळीराम आणि चौथ्यावर, दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून, जयराम.

कप्तान अर्थातच खंडेराव. ते स्वतः खेळत नसत. "सेनापती तलवार चालवत नाही," असं त्यांचं म्हणणं. शत्रूचे हेर ऐकतील म्हणून कॅफेत बोलायला त्यांनी बंदी घातली होती. चौघांनी चार प्लायवूडच्या खोपटांत मुकाट्यानं बसायचं. पाचव्यात खंडेराव चारही पट उघडून बसत आणि प्रत्येक पटाखालच्या लिहायच्या चौकटीत एका बोटानं, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, सल्ले टाइप करत. 'जयराम, घोडा डावीकडून काढा.' खेळणाऱ्याला बाहेरून चाल सांगू नये, असा स्पर्धेचा नियम होता. पण खंडेरावांच्या मते ते चाल सांगणं नव्हतं, मार्गदर्शन होतं.

पहिल्या रविवारी नाशिक तीन-एकनं हरलं. दुसऱ्याही रविवारी तीन-एकनंच.

"लबाडी आहे," खंडेराव म्हणाले. "जयरामराव, तुमचा घोडा हलायच्या आधीच तो जाणार त्या घरावर त्यांचं प्यादं टपून होतं. हो की नाही?"

"होतं," जयराम म्हणाले. "पण मी तसा वाईटच खेळतो."

"तुमचा वाईटपणा मी हिशोबात धरलेला आहे."

पहिला तर्क असा, की लासलगाववाले कॉम्प्युटरकडून चाली काढून घेतात. तपासासाठी खंडेराव वेषांतर करून, म्हणजे टोपी घालून, एसटीनं लासलगावला गेले. संध्याकाळी डोळे पुशीत परतले.

"सापडला का पुरावा?" जयरामांनी विचारलं.

"त्यांचा कॉम्प्युटर कांदा साठवायच्या चाळीला लागून आहे. डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं, की काही दिसलं नाही. योजनाबद्ध काम आहे त्यांचं."

दुसरा तर्क असा, की समोरच्या इमारतीतून कुणी दुर्बिणीनं पट पाहतं. कॅफेच्या खिडक्यांना चादरी लागल्या. मालकानं पंख्याचा वेग वाढवला. समोर दातांचा दवाखाना होता, तो रविवारी बंद असे, हे पुढे कळलं.

तिसरा तर्क तिसऱ्या रविवारी सकाळी, सामन्याच्या तासभर आधी आला.

"फितुरी," खंडेराव म्हणाले. "दोन्ही रविवारी जिंकलं कोण? फक्त शुभांगीताई. तिघं हरतात आणि एकच व्यक्ती जिंकते, याचा अर्थ काय?"

"त्या चांगल्या खेळतात?"

"वरवरचा अर्थ तो. खोलात शिरा. त्यांचं माहेर चांदवड. चांदवडाहून लासलगाव किती लांब? हाकेवर! आपल्या चाली पोचवायच्या आणि संशय नको म्हणून बदल्यात एक विजय घ्यायचा." त्यांनी खिशातून कागद काढला. स्पर्धेच्या आयोजकांना पत्र होतं. शुभांगीला संघातून काढावं आणि पुढे कुठल्याही स्पर्धेत बसू देऊ नये. "साक्षीदार म्हणून इथं तुमची सही."

शुभांगी समोरच उभी होती. शाळेतल्या सहा मुली तिच्याकडून बुद्धिबळ शिकत होत्या, ते जयरामांना ठाऊक होतं. ती रागावली नाही, त्यामुळे जास्तच अवघड झालं.

"करा सही, काका," ती म्हणाली. "मुलींना काय सांगायचं तेवढं मात्र तुम्हीच येऊन सांगा."

जयरामांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खंडेराव चुकत असतील असं त्यांना फार वाटत होतं. पण आपल्याला काही वाटतं, एवढ्यावर त्यांनी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं.

"वाचनालयात," ते पुटपुटले, "पुस्तक हरवल्याचा दंड लावण्याआधी आम्ही एकदा कपाटात बघायचो. बऱ्याचदा तिथंच असायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे, लासलगावला एकदा विचारावं. तोवर मी सही करत नाही."

शेवटचं वाक्य आपणच बोललो का, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. खंडेरावांना मात्र कल्पना पसंत पडली. कबुलीजबाब फोनवर घेण्यात एक रुबाब होता. कॅफेच्या फोनचा स्पीकर लावून त्यांनी लासलगावचे कप्तान चिमाजी यांना गाठलं. चिमाजी बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारत, त्यामुळे फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"आमच्या चाली तुम्हाला कोण कळवतं, ते निमूट सांगा."

"कोण म्हंजे?" चिमाजी म्हणाले. "तुम्हीच की, दादा."

"मी?"

"पटाखाली लिव्हता ना तुम्ही? 'ललित, उंट मागे.' 'सावळीराम, हत्तीची घाई नको.' आमच्या पटाखाली समदं दिसतंय. जो त्या पटावर हाय त्याला दिसतंयच."



"मग तुम्ही सांगितलं का नाही?" ललितनं विचारलं.

"आम्हाला वाटलं, नाशिकची रीतच आसंल. आमच्या इथं लिलाव उघड्यावर पुकारत्यात. भाव समद्यांच्या कानावर पडला म्हंजे लबाडीला जागा राहत नाय. आम्ही म्हटलं, लय सरळ माणूस हाय, चालीसुद्धा पुकारून करतोय. फक्त त्या पहिल्या पटावरच्या ताई तुमचं आयकत नाय. त्यांच्यापुढं आमचं काय चालंना."

सगळ्यांनी शुभांगीकडे पाहिलं.

"ती चौकट सारखी हलत होती," ती म्हणाली. "लक्ष लागेना, म्हणून पहिल्याच दिवशी मी तिच्यावर हळदीकुंकवाचं जुनं आमंत्रण चिकटवलं."

खंडेरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पत्राची नीट चौघडी घातली.

"प्रकरण उलगडलं," ते म्हणाले. "मला शंका होतीच."

"माझ्यावर," शुभांगी म्हणाली.

"ताई, माणूस निर्दोष ठरायचा तर आधी त्याच्यावर कुणी तरी संशय घ्यावा लागतो. ते काम मी केलं. आभार मानू नका."

तिनं मानले नाहीत. आपल्या खोपटात जाऊन ती पहिल्या पटावर बसली.

त्या दिवशी खंडेरावांना जयरामांच्या मागे स्टुलावर बसवलं, हात दिसतील असे गुडघ्यांवर ठेवून. शुभांगी जिंकली. ललितही जिंकला आणि स्वतःच चकित झाला. सावळीरामांनी बरोबरी साधली. जयराम एकटेच उरले. त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला होता आणि कुणीच काही सांगत नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या पटाखालच्या चौकटीत लासलगावहून अक्षरं उमटली: 'आज दादा काय लिव्हत नाय. तब्येत बरी हाय ना?'

खंडेराव पुढे झुकले आणि त्यांनी ते दोनदा वाचलं.

"पाहिलंत, जयरामराव?" ते कानाशी कुजबुजले. "घाबरलेत."