खेकडा म्हणजे मासा

दिव्यानीला खेकड्याचा रस्सा पाजायचा, एवढंच आचलने ठरवलं होतं. त्याआधी तिने मोबाईलवर लेकीच्या खोकल्याबद्दल इतकं वाचलं होतं, की पोरीपेक्षा तिलाच जास्त धाप लागली होती. सासूबाई, म्हणजे गिरजाबाई, सगळं ऐकून म्हणाल्या, तो मोबाईल ठेव खाली अन् तलावातून एक खेकडा आण.

अडचण एकच. तलाव गावच्या मच्छीमार संस्थेचा. मोठं जाळं पडेपर्यंत मासेमारी बंद. कोणी नियम मोडला, तर त्या घराचा यंदाचा मासळीचा वाटा रद्द. आणि त्याच वाट्याच्या भरवशावर गिरजाबाईंनी आपल्या लेकीच्या सासरचा अख्खा गोतावळा जेवायला बोलावून ठेवला होता.

पण खेकडा म्हणजे काही मासा नव्हे, अशी मनाची समजूत घालून आचल उजाडता उजाडता तलावाच्या पाळीवर, बांधावर गेली. बिळात हात घातला. खेकडा कसा धरायचा याचा विचार चालू असतानाच (ती बी.ए. असल्यामुळे आधी विचार करत असे) खेकड्याने तिचं बोट धरलं. ती किंचाळली. त्या आठवड्यात तलावावर पहारा होता तिच्याच नवऱ्याचा. घोंगडीतून उठलेल्या धनराजने कोण काय न बघता चोर चोर म्हणून अशी इमानदार आरोळी ठोकली, की अर्धं गाव पाळीवर आलं. चोराच्या अंगावर आपल्याच घरची साडी आहे हे त्याच्या लक्षात आलं, पण उशिरा. खेकडा बोटाला लटकलेलाच होता.

दुपारी ओट्यावर संस्थेची बैठक भरली. अध्यक्ष केवळरामभाऊंनी चष्मा पुसला.

"सूनबाई, मासा काऊन धरला?"

"खेकडा आहे भाऊ. मासा नाई."

भाऊंनी संस्थेचे नियम तिच्यापुढे सरकवले आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. आचलने वाचलं: 'मासा म्हणजे कोणताही मासा, तसेच झिंगा, खेकडा, शिंपला व गोगलगाय.'

अक्षर सुंदर होतं. तिचंच होतं. गेल्या वर्षी नियमांची स्वच्छ प्रत काढताना व्याख्यांशिवाय ते बोडके दिसतात असं वाटून तिनेच हौसेने व्याख्या घातल्या होत्या. (गोगलगाय तर कोणी मागितलीही नव्हती.) समोर गिरजाबाई पाहुण्यांची तोंडं एकेक आठवत बसल्या होत्या. आचलला वाटलं, त्या बिळातच शिरावं. पण बीळ खेकड्याचं होतं.

मान खाली घातल्यामुळे तिची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिचा आवाज एकदम चढला.

"'मासेमारी म्हणजे जाळे, गळ, सापळा किंवा औषध वापरून मासा धरणे.' भाऊ, माझ्याजवळ जाळं होतं काय?"

"नाई."

"गळ? सापळा?"

"नाई बा."

"मंग मी मासेमारी केली नाई."

"पण मासा तं धरला ना?"

"मी कुठी धरला? त्यानं मले धरलं." तिने सुजलेलं बोट उंच केलं. "साक्षीले पहारेकरी आहे."

धनराज उठला आणि लग्नानंतर पहिल्यांदा उपयोगाचं बोलला. "होय भाऊ. मी गेलो तवा खेकडा हिले धरून होता. मीच सोडवली."

ओटा खदखदून हसला. भाऊंनी चष्मा पुन्हा पुसला, नियम दोनदा वाचले आणि वाटा कायम केला. खेकड्याचं काय, असं कोणी विचारलं. तेव्हा खेकड्याने सूनबाईले स्वतः होऊन धरलं, तो तिचाच, असा निकाल लागला. रात्री दिव्यानी वाटीभर रस्सा प्यायली. गिरजाबाईंनी उरलेला आधी सुनेच्या ताटात वाढला, ही त्या घरातली मोठीच घटना. खोकला गेला, पाहुणे जेवून गेले, विहिरीवरच्या बायका आचलला वकिलीणबाई म्हणू लागल्या. तीही जरा ताठ चालू लागली.

मग संस्थेची पुढची बैठक झाली. धनराज कोरे कागद घेऊन घरी आला. नियमात दुरुस्ती झाली होती, स्वच्छ प्रत हवी होती, आणि गावात तिच्याइतकं सुंदर अक्षर कोणाचंच नव्हतं. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. पेन एकदा थांबलं, पण वाक्य पूर्ण झालं:

'गळ म्हणजे लोखंडी काटा, तारेचा काटा, तसेच सौ. आचल यांचे बोट.'