विनाकारण बसू नये

सांस्कृतिक भवनाच्या व्हरांड्यात पुन्हा मटार सोलणं सुरू झालेलं पाहून व्यवस्थापकांचं डोकं फिरलं. मावशी खांबाला टेकून निवांत सोलत होत्या. शेजारी दोन आजोबा बुद्धिबळावरून हमरीतुमरीवर आले होते आणि एक तरुण आई रडक्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. सगळ्यांच्या डोक्यावर ठसठशीत पाटी : ‘विनाकारण बसू नये.’

“मावशी, आज तरी उठा! नगरपालिकेच्या अध्यक्षबाई पाहणीला येतायत. भवन रिकामं दिसलं तर पाडून इथं गाड्या उभ्या करणार आहेत.”

“मग आत जाऊन बसा ना तुम्ही. तेवढाच एक माणूस दिसेल.”

व्यवस्थापकांनी नेहमीचं अस्त्र काढलं. व्हरांड्याचे पंखे बंद केले. उकाड्यानं माणसं पांगतात, हा त्यांचा जुना अनुभव. व्हरांडा खरंच रिकामा झाला. ते खुशीत सभागृहात शिरले आणि दारातच थिजले.

आत गाण्याच्या कार्यक्रमासाठी पंखे गरगरत होते आणि अख्खा व्हरांडा त्यांच्याखाली येऊन बसला होता. पहिल्या रांगेत बुद्धिबळाचा पट, मंचाच्या पायरीवर मटारची टोपली! एवढे श्रोते बघून गायिकाबाईंना गहिवरून आलं. त्या सूर लावणार, तोच बाळानं त्यांच्याहून वरचा लावला.

“बाळाला बाहेर न्या आधी!” व्यवस्थापक धावले.

“राहू द्या हो,” म्हणत बाईंनी ठरलेलं गाणं सोडून अंगाई धरली.

“दमून निजल्या चहूकडच्या वाटा,
तूच एकटा जागा रे आता...”

मावशींनी न सांगता दुसरी ओळ उचलली. आजोबांचा वजीर हातातच राहिला. बाळाचं रडं हुंदक्यांवर आलं, हुंदके जांभईवर.

“हे सगळे कार्यक्रमाला आलेत?” मागून दबक्या आवाजात प्रश्न आला. अध्यक्षबाई!

नुसतं ‘हो’ म्हटलं की भवन वाचणार होतं. पण तेवढ्यात एक मटार घरंगळत व्यवस्थापकांच्या बुटापाशी आला.

“नाही बाई,” व्यवस्थापकांचा आवाज पडला. “बाहेरचे पंखे बंद केले, म्हणून आत आलेत. रोज येतात नि नुसते बसतात.”

“रोज?”

“इतकी वर्षं हाकलतोय, तरी!”

अध्यक्षबाई बराच वेळ त्या माणसांकडे बघत राहिल्या. “आणि आम्ही समजत होतो, भवन रिकामं आहे,” त्या पुटपुटल्या. मग पायरीवर मावशींशेजारी टेकल्या आणि टोपलीतली एक शेंग उचलून सोलू लागल्या.

व्यवस्थापक अवघडून तसेच उभे. मावशींनी सरकून जागा केली.

“बसा की, साहेब. विनाकारण उभं राहू नये.”