झाकणाखालचं प्रेक्षणीय स्थळ

"मग? किती वाजता निघायचं?" हेडमास्तरांनी विचारलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.

ओव्हरसियरांच्या घशात ऑम्लेटचा घास अडकला. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, आणि नजरेनेच बजावलं, की आज काही गोंधळ घातलात तर माझ्याशी गाठ आहे.

हेडमास्तर म्हणजे ओव्हरसियरांचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळा सोडून तीन वर्षं झाली होती, तरी समोरचा माणूस बोलत असताना ते मान अशी तिरकी करून ऐकत, की त्याला आपोआप बाकावर उभं राहावंसं वाटे. आणि ओव्हरसियर होते पाणीपुरवठा खात्यात. गेली सव्वीस वर्षं नेमणूक एकाच जागी, नदीकाठ विभाग. जुना लोखंडी पूल, घड्याळाचा मनोरा, दगडी घाट, कारंज्याचा चौक. लोक कुठून कुठून हे सगळं पाहायला येत. त्यामुळे दर फोनवर ओव्हरसियर साडूंना सांगत, "एकदा याच हो! नदीकाठ तुम्हाला डोळे मिटून फिरवतो."

यातला डोळे मिटून हा भाग बराचसा खरा होता. सव्वीस वर्षं ओव्हरसियर नदीकाठी मान खाली घालूनच हिंडले होते. कुठला व्हॉल्व्ह गळतो, कुठली लाइन चोंदते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मनोरा त्यांना फक्त त्याच्या पायथ्याच्या मीटरमुळे ठाऊक होता.

"दहाला निघू," ते कसेबसे म्हणाले.

साडेदहाला चौघंजण लोखंडी पुलाच्या तोंडाशी उभे होते. रविवार असल्यामुळे गर्दी होती. हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

"हा पूल कोणी बांधला?"

बायको आपल्या ताईला केव्हापासून सांगत आली होती, की आमच्या ह्यांना तिथला दगड न् दगड माहीत आहे. ती ताई आता कौतुकाने कान देऊन उभी होती. "मला ठाऊक नाही," एवढे तीन शब्द ओव्हरसियरांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथूनच परतले.

"एका डॉक्टरने," ते म्हणाले.

"डॉक्टरने? पूल?"

"हो ना. दवाखाना या काठावर आणि पेशंट सगळे त्या काठावर. होडीतून येता येता निम्मे बरे होत आणि अर्ध्या वाटेतून परत जात. मग डॉक्टरने वैतागून पूलच बांधून टाकला."

हेडमास्तरांनी मान तिरकी केली.  पण पेन चालू झालं. "होडीतून येता येता निम्मे बरे..." हेडमास्तर पुटपुटत लिहीत राहिले.

"वा! हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही," मागून कोणीतरी म्हणालं. एक टोपीवाले गृहस्थ, त्यांची बायको आणि म्हाताऱ्या सासूबाई, तिघंही कान टवकारून उभी होती. "आम्ही तुमच्याबरोबर आलो तर चालेल का हो?"

"अहो, मी काही..." ओव्हरसियर सांगायला गेले.

"चालेल की!" बायको अभिमानाने म्हणाली.

मनोऱ्याखाली पोचेपर्यंत मागे चौदा माणसं झाली होती. चारदोन माणसं एकाचं बोलणं ऐकत चालली आहेत असं दिसलं, की बाकीच्यांना आपलं काहीतरी बुडतंय असं वाटतं. ओव्हरसियर वेगाने चालू लागले तशी मंडळीही वेगाने चालू लागली. ते बुटाची नाडी बांधायला वाकले, तर सगळे जमिनीकडे निरखून पाहू लागले.

मनोऱ्यावरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हेडमास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "अकरा वाजून पाच. हे बंद आहे?"

"बंद नाही, बंद ठेवलंय," ओव्हरसियर म्हणाले. एक थाप पचली होती, त्यामुळे दुसरीला जीभ सैल झाली होती. "मोठा पूर आला तेव्हा पाणी या मनोऱ्याच्या पहिल्या पायरीला लागलं, ती हीच वेळ. तेव्हापासून आठवण म्हणून काट्यांना कोणी हात लावत नाही. लावायचाच नाही असा ठराव आहे."

मंडळी गंभीर झाली. टोपीवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली. सासूबाईंनी डोळे पुसले.

एवढ्यात वर खर्रकन आवाज झाला. घड्याळाचे काटे गरागरा फिरले आणि अकरा वाजून सहा मिनिटांवर येऊन थांबले. तबकडीशेजारची खिडकी उघडून तेलाने माखलेल्या एका माणसाने डोकं बाहेर काढलं आणि खाली कोणाला तरी ओरडून सांगितलं, "झालं बघा! आणा आता चहा!"

सगळ्यांच्या नजरा घड्याळावरून ओव्हरसियरांकडे वळल्या. ओव्हरसियरांना वाटलं, आत्ताच्या आत्ता नदीला पूर येईल तर बरं.

"म्हणजे ठराव आजच रद्द झाला!" टोपीवाले भारावून म्हणाले. "आणि आपण नेमके इथे हजर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ऐकून घाटावरची माणसं वर आली. त्यांत पिवळ्या छत्रीमागून चाललेला एक अख्खा गट होता, आणि थोड्या वेळाने एकटी राहिलेली पिवळी छत्रीही त्याच्या मागोमाग आली.

छत्री धरणाऱ्या बाई परवाना असलेल्या मार्गदर्शक होत्या. गळ्यात बिल्ला, पायात मजबूत बूट, आणि अकरा वर्षं रोज तेच तेच प्रश्न ऐकून आलेली शांतता. कारंज्याच्या चौकात त्यांनी ओव्हरसियरांना गाठलं, तेव्हा मागे चाळीसएक माणसं होती आणि ओव्हरसियर घशाला कोरड पडेपर्यंत बोलत होते, कारण थांबलो तर कोणीतरी प्रश्न विचारेल अशी त्यांना धास्ती होती.

"नमस्कार. आपलं ओळखपत्र बघू?"

ओव्हरसियरांच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी माणूस, ओळखपत्र मागितलं की हात आपोआप खिशात जातो. तसा तो गेला. बाईंनी कार्ड हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं.

"पाणीपुरवठा खातं. ओव्हरसियर. नदीकाठ विभाग."

"पाणीपुरवठा?" टोपीवाले म्हणाले. "मग पुलाचं ते डॉक्टरचं?"

"पूल मालगाड्यांसाठी बांधला होता," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांचा काही संबंध नाही. आणि घड्याळाचं चाक महिन्यापूर्वी तुटलं होतं. पूर तिथपर्यंत कधीच आला नाही."

"म्हणजे सगळं खोटं?"

"खोटं म्हणजे..." ओव्हरसियर जमिनीकडे बघत म्हणाले, "अंदाजे."

 हेडमास्तरांनी वही उघडली, आतल्या खिशातून लाल पेन काढलं आणि सकाळपासून लिहिलेल्या तीन पानांवर एकेक तिरकी रेघ मारली. ती रेघ ओढतानाचा आवाज ओव्हरसियरांना चौकातल्या सगळ्या गोंगाटातून स्वच्छ ऐकू आला. ताई आपल्या पर्सची चेन उघडझाप करू लागली. सासूबाई म्हणाल्या, "मी तर रडलेसुद्धा!"

ओव्हरसियरांनी बायकोकडे बघायचं टाळलं. इतक्या वर्षांत तिने कधी बहिणीपुढे मान खाली घातली नव्हती आणि आज आपण ती घालायला लावली, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"हो, आहेत पाणीपुरवठ्यात!" बायको एकदम पुढे झाली. "मग? चोरी केली का कोणाची? तुम्ही सगळे सकाळी नळ सोडता तेव्हा पाणी काय आपलं आपण चालत येतं?" मग नवऱ्याकडे वळून ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, ते झाकण दाखवा ना."

"कुठलं?"

"तेच हो! जेवताना सतरांदा ऐकवलंत मला. इथेच कुठेतरी आहे ना?"

इथेच होतं. कारंज्यापासून बारा पावलांवर, टोपीवाल्यांच्या बरोबर पायाखाली.

ओव्हरसियरांनी त्या गोल लोखंडी झाकणाकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. "जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. आवाज वेगळाच होता. टोपीवाले मुकाट बाजूला झाले. चौकाच्या कडेला खात्याची चौकी होती. ओव्हरसियरांनी हाक मारताच आतून एक मिशाळ व्हॉल्व्हमन डोळे चोळत आला, साहेबांच्या मागची चाळीस माणसं पाहून त्याने घाबरून सलाम ठोकला, आणि धावत जाऊन आकडा, कठडे नि बॅटरी घेऊन आला. कठडे लागले. माणसं कठड्यामागे गेली. आकडा अडकला, दोघांनी मिळून जोर लावला आणि झाकण सरकलं.

"आता कोणी बोलू नका," ओव्हरसियर म्हणाले. "नुसतं ऐका."

खालून पाण्याचा आवाज येत होता. नळाचा नव्हे, गटाराचाही नव्हे. वाहत्या, मोकळ्या, थंड पाण्याचा.

"ही नदी आहे," ओव्हरसियर म्हणाले. "नदीचा एक फाटा इथून जायचा. चौक बांधायचा होता तेव्हा तो बुजवला नाही, त्याच्यावर विटांची कमान घातली. म्हणजे तुम्ही उभे आहात तो चौक नाहीच. तो पूल आहे. रोज हजारो माणसं या पुलावरून जातात, आणि एकालाही माहीत नसतं."

मार्गदर्शक बाईंनी छत्री मिटली. "मी अकरा वर्षं इथे उभी राहून कारंज्याची उंची सांगतेय," त्या हळूच म्हणाल्या.

ओव्हरसियरांनी बॅटरीचा झोत आत सोडला. "डावीकडे भिंतीवर बघा. सातवी ओळ. एका विटेवर हाताचा पंजा दिसेल. वीट ओली असताना कोणीतरी टेकवलेला. कोणी, ते मला माहीत नाही." हे शेवटचे शब्द ते अगदी सहज बोलून गेले. "मी दर वर्षी साफसफाईला खाली उतरतो तेव्हा त्या पंजावर हात ठेवून बघतो. माझ्यापेक्षा लहान आहे. बाईचा असावा."

रांग लागली. एकेकजण कठड्याशी गुडघे टेकून वाकायचा, पंजा बघायचा आणि उठून बाजूला व्हायचा. सासूबाईंना दोघांनी धरून वाकवलं. त्या पुन्हा रडल्या आणि म्हणाल्या की या रडण्याचं समाधान वाटलं. रांग चौकाबाहेर गेली तेव्हा शिट्टी फुंकत पोलीस आला. "काय चाललंय? कोणाची परवानगी?" त्याने दरडावून विचारलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "खात्याची पाहणी चालू आहे. तुम्हाला बघायचं असेल तर शेवटी उभं राहा." पोलीस शेवटी उभा राहिला.

हेडमास्तर सगळ्यात जास्त वेळ वाकून होते. उठले तेव्हा पँटच्या दोन्ही गुडघ्यांना माती होती. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि मान अजिबात तिरकी न करता विचारलं, "कमानीची जाडी किती?"

"दीड फूट. मधे सव्वा."

"आणि विटा कुठल्या भट्टीतल्या?"

"ते माहीत नाही."

"बरं," म्हणून हेडमास्तरांनी लिहून घेतलं, 'माहीत नाही'.

संध्याकाळी चौघं घरी चहा घेत बसली. ताई बहिणीला तिसऱ्यांदा सांगत होती, की तो पंजा बघून अंगावर काटाच आला. बायको किटलीतून दुसरा कप ओतताना गुणगुणत होती. ओव्हरसियर खुर्चीत रेलले होते. पाहुणे उद्या सकाळच्या गाडीने जाणार होते, आणि आपली अब्रू शाबूत ठेवून जाणार होते. माणसाला आणखी काय हवं?

"साडूभाऊ," हेडमास्तर म्हणाले, "नदीकाठ विभागात अशी एकंदर झाकणं किती?"

"तीनशे बारा," ओव्हरसियर तत्काळ म्हणाले. हा आकडा विचारणारा माणूस त्यांना सव्वीस वर्षांत भेटला नव्हता. "आणि बरं का, प्रत्येकाखाली काहीतरी निराळं आहे!"

हेडमास्तरांनी वहीच्या समासात भागाकार मांडला. "रोज सहा धरली तर बावन्न दिवस. रविवारची सुट्टी न घेता." त्यांनी खिशातून उद्याची तिकिटं काढली, जुळवून चार तुकडे केले आणि बशीत ठेवले. "आम्हाला घरी तरी काय घाई आहे? काय गं?"

"मला कसली आलीय घाई?" ताई म्हणाली आणि उठून आपल्या बॅगेतल्या साड्या कपाटात लावायला गेली.

किटली बशीवर आपटली. बायको ओव्हरसियरांना दंडाला धरून गॅलरीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"सकाळभर एवढ्या थापा मारल्यात," ती दात आवळून म्हणाली, "मग नेमकं आत्ताच खरं बोलायचं काय अडलं होतं?"