शेवाळे सुभेदार आणि गगनपथकाचा अंक पहिला

शेवाळे सुभेदारांनी एकदा जत्रेच्या तंबूतला सिनेमा बंद पाडला होता. भांडण नव्हतं, दारू नव्हती. सिनेमा चांगला रंगात आलेला असताना नवरा, बायको आणि कडेवरचं पोर असं एक कुटुंब उशिरा आत शिरलं आणि अंधारात चाचपडत सुभेदारांच्या शेजारी बसलं. सुभेदारांनी त्या माणसाला विचारलं, "मागलं ठावं हाय का?" तो बिचारा म्हणाला, "न्हाई." झालं! सुभेदार उभे राहिले आणि पलटणीतल्या आवाजात गरजले, "ए, बंद कर रं! पयल्यापास्नं लाव. ही मानसं आत्ता आल्याती, त्यास्नी काय कळनार?" मशीनवाल्याला वाटलं आग लागली. त्यानं घाबरून मशीन बंद केलं. तंबूत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. ते कुटुंब लाजून कनातीखालून निघून गेलं आणि सुभेदार त्यांच्या मागे बाहेरपर्यंत गेले, त्यांची हुकलेली गोष्ट सांगायला.

हा किस्सा मला उशिरा कळला. आधी कळला असता तर मी दुसरीकडे खोली बघितली असती. मी मूळची सांगलीची. कराडला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि सुभेदारांच्या घराची माडी मला भाड्यानं मिळाली. पहिल्या दिवशी ट्रंक आणि वळकटी घेऊन दारात उभी होते, मला फक्त किल्ली हवी होती. पण सुभेदारांनी घराच्या पायापासून सुरुवात केली. पायाला दगड कुठून आणला, गवंडी कसा पळून गेला, जिना डावीकडून उजवीकडे का आला, हे सगळं ऐकून झाल्यावर किल्ली हातात पडली तेव्हा ऊन कललं होतं. मी वैतागले होते आणि ते माझ्या तोंडावर दिसतही असणार. सुभेदारांना मात्र कर्तव्य पार पाडल्याचं समाधान होतं.

उंच, काटकुळा माणूस. घरातसुद्धा ताठ चालायचे. मिशा अशा राखलेल्या की त्यांना रोज कुणीतरी हुकूम देत असावं. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेले तरी दुखण्याची हकिगत अंबाल्याच्या छावणीतल्या डाळीपासून सुरू व्हायची. डॉक्टर शहाणे होते. सुभेदार फिरोजपूरला पोचेपर्यंत ते दुसरे पेशंट तपासून घेत. ओट्यावर चार माणसं गप्पा मारत बसली आणि पाचवा आला, की सुभेदार हात वर करून सगळ्यांना थांबवत आणि पाचव्यासाठी गप्पा पहिल्यापासून सुरू करत. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर पाचवा माणूस सहसा येत नसे, आणि हळूहळू चौथाही येईनासा झाला.

आणि या माणसाला नाद कसला, तर चित्रकथांचा. 'गगनपथक' नावाचं एक मासिक तेव्हा निघायचं. अवकाशात हिंडून दुष्टांचा बंदोबस्त करणारी एक टोळी. कप्तान मार्तंड, यान चालवणारी विद्युल्लता, शनीवरचा चार हातांचा भीमक, आणि मंगळावरचा एक तांबड्या अंगाचा गडी, तो आधी चोर होता आणि मग सुधारला. पोरांसाठीच असायचं ते. पलटणीत असताना कुठल्याशा स्टेशनवर सुभेदारांना त्याचा एक अंक मिळाला आणि तेव्हापासून ते त्यात रुतले ते रुतलेच. पेन्शन घेऊन आले तेव्हा बिछान्याबरोबर एक लोखंडी पेटी भरून अंक आले होते. सकाळी अंघोळ झाली, की चष्मा लावून, पाठ ताठ ठेवून ते ओट्यावर वाचत बसत. येणारे-जाणारे हसत, त्यांना त्याचं काही नव्हतं.

त्यांना हवा होता दुसरा वाचक. गगनपथकावर बोलायला एक तरी माणूस मिळावा म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. पण त्यांचाच नियम आडवा यायचा. मी एकदा त्यांचं मन राखायला म्हणून ओट्यावरचा ताजा अंक उचलला. सुभेदारांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आवं बाई, ह्यो एकदम हितनंच वाचनार? मागलं ठावं हाय का?"

"नाही. पण वाचता वाचता कळेल की."

"कसं कळंल? ह्यो तांबडा गडी डाव्या हातानं का लडतोय, सांगा बरं! न्हाई ना ठावं? बसा."

मी बसले. विद्युल्लतेचा जन्म होईपर्यंत माझा वरणाचा कुकर शिट्ट्या मारून थकला, आणि तांबड्या गड्याच्या हातापर्यंत आम्ही पोचलोच नाही. दूधवाला एकदा सापडला होता, त्यानं नंतर रतीब घालायची वेळ बदलली. एकटा शंकर न्हावी मनापासून ऐकायचा. पण भीमकाच्या दगाबाजीचा भाग ऐकताना त्याचं भान सुटलं आणि सुभेदारांच्या डाव्या मिशीचं टोक गेलं. दोन्हीकडे सारखं करता करता मिशी इतकी बारीक झाली, की ती वाढेपर्यंत सुभेदार घराबाहेर पडले नाहीत. शंकरनंही पुढं गोष्टीचं नाव काढलं नाही.

मग कागद महागला आणि मासिक बंद पडलं. तेही भलत्या ठिकाणी. सगळं पथक शनीवरच्या एका गुहेत शिरलेलं, गुहेच्या तोंडाशी धोंडा कोसळलेला आणि खाली 'पुढील अंकी' असं छापलेलं. पुढचा अंक आलाच नाही. सुभेदार दर महिन्याला एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर जाऊन विचारत. रिकाम्या हातानं परत येत आणि पायरीवर बसत. एकदा मला म्हणाले, "बाई, त्येंच्याकडचं पानी किती दिस पुरंल?"

मी वह्या तपासून कंटाळले होते. म्हटलं, "सुभेदार, ती चित्रं आहेत."

"व्हय की. पन चित्रातल्या मानसाला बी कुनीतरी भायेर काडाय पायजे का नगं?"

मी वह्या उचलून वर गेले.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी ते स्टँडवरून जवळजवळ धावतच आले. हातात नवा कोरा अंक होता. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'गगनपथक! नवा अवतार! अंक पहिला! नव्या वाचकांनी इथूनच सुरुवात करावी. मागचे काहीही माहीत असण्याची गरज नाही.' सुभेदारांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि त्यांचं तोंड उतरलं. पथक तेच होतं, पण कपडे नवे, यान नवं, आणि गुहेचा उल्लेखसुद्धा नाही.

"बाई, ही मानसं त्या गुहेतनं भायेर कवा आली?"

"नव्या वाचकांसाठी आहे ना हे. त्यांना गुहा कशाला?"

"आन् जुन्यांनी काय करायचं?"

दोन-तीन दिवस त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच अडवलं नाही. शेवटी मीच खाली जाऊन चहाचं विचारून आले. तेव्हा अंक त्यांच्या मांडीवर होता आणि ते आतली चित्रं बघत नव्हते, मुखपृष्ठावरच्या त्या दोन ओळी बघत होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टँडवर गेले आणि त्याच अंकाची आणखी एक प्रत घेऊन आले. मला वाटलं, आली माझ्यावर पाळी. मी सबबही तयार ठेवली होती.

"ही संपतला," ते म्हणाले.

संपत हा त्यांचा एकुलता मुलगा. सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी फटफटीवरून यायचा. वागायला चांगला, मान खाली घालून बोलणारा. पण त्या बापलेकांची भेट बघवत नसे. संपत पायरीवर टेकायचा. "बरं हाय का, आबा?" "बरं हाय. तुजं?" "बरं हाय." मग चहा. मग दोघं रस्त्याकडे बघत बसायचे, आणि चहा संपला की संपत उठायचा. अख्ख्या पेठेला अंबाल्यापासून सगळं सांगणारा हा माणूस पोटच्या पोरासमोर मुका व्हायचा. मला याचं नवल वाटायचं. त्या दिवशी मी ते बोलून दाखवलं.

सुभेदारांनी दोन्ही प्रती एकावर एक नीट ठेवल्या.

"त्येच्याशी काय बोलू? मला त्येचं मागलं ठावं न्हाई, बाई. वर्साकाठी छुट्टी मिळायची. आलो की पोरगं वीतभर वाडल्यालं असायचं. गेल्या टायमाला कुत्र्याला भ्यायचं, ह्या टायमाला कुत्रं पाळल्यालं. कवा भ्याचं सोडलं, कसं सोडलं, मला काय ठावं! मी आपला मदल्याच अंकात आल्यावानी. पन त्येची आई, हौसा, हुती तवर निभलं. मी आलो की ती दोन दिस बसून मला समदं मागलं सांगायची. कुनाशी भांडला, काय खात न्हाई, कोन मास्तर मारतोय. मग मला त्येच्याशी बोलाय यायचं." त्यांनी वरच्या प्रतीवरून हात फिरवला. "मी पेन्शनीत आलो त्येच्या आदल्या साली ती गेली. आता मागलं सांगाय कोन न्हाई. म्हनलं, ह्ये बरं हाय. हितनं दोगं बी नवंच. संगं सुरू करू."

त्या माणसावर आजवर मी जितकी वैतागले होते, त्याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, संपतला आवडेल. आवडेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

रविवारी सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते. मी वर माडीच्या कठड्याशी बसून तांदूळ निवडत होते, म्हणजे तसं दाखवत होते. खाली काय होतं याची धाकधूक मलाच जास्त होती. संपत आला, बरं हाय का झालं, चहा झाला. आता तो उठणार, एवढ्यात सुभेदारांनी अंक पुढं केला.

"ह्ये वाच."

संपतनं अंक उलटसुलट केला. "मी? ह्ये पोरांचं हाय न्हवं?"

"आसंना. लिवलंय बग वर. मागलं काय ठावं नसलं तरी चालतंय."

संपतनं खांदे उडवले आणि वाचायला लागला. सुभेदारांनी आपली प्रत उघडली. त्यांना ती तोंडपाठ झाली असणार, पण संपतनं पान उलटलं की तेही उलटत. आधी नाही, मागून नाही. बापाशेजारी बसलेला तो दांडगा गडी ओठ हलवत वाचत होता आणि मध्येच त्याला थोडी गंमतही वाटायला लागली असावी. त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं.

"आबा, ह्यो तांबडा गडी डाव्या हातानंच का लडतोय?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. सुभेदार हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत होते. आता मंगळापासून सुरुवात होणार, संपत घड्याळ बघणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं मी धरूनच चालले.

"काय की," सुभेदार म्हणाले. "मला तरी कुठं ठावं! मी बी नवाच हाय." मग पुस्तकातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुज्या भुवईवर ती खून हाय, ती कशाची रं?"

संपतचा हात भुवईकडे गेला. "ही? लय जुनी हाय. आईनं सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई."

"मळ्यातल्या बैलगाडीवरनं पडलो हुतो. तवा तुमी आसामात हुता. आई म्हनली, आबाला कळवू नगं, लांब हायती, जिवाला घोर लागंल." तो ओशाळून हसला. "लय रगत गेलं. दवाखान्यात टाकं घालताना मी आबा, आबा म्हनून वरडत हुतो. आई जवळ हुती तरी तुमालाच हाका मारत हुतो म्हनं. आई सांगायची, कंपौंडर इचारत हुता, पोराचा बाप कुठाय, बलवा त्येला."

सुभेदारांनी अंक मिटून बाजूला ठेवला. "मग?"

"मग काय! टाकं घातलं. बरं झालं."

"घरी कुनी आनला?"

"चुलत्यानं. खांद्यावर बसवून." संपत उठला. "जातो आबा. रातपाळी हाय." आणि जाता जाता त्यानं अंक गुंडाळून खिशात घातला. फटफटी सुरू झाली, वळणावर गेली, आवाज ऐकू येईनासा झाला. निरोप द्यायला उठलेले सुभेदार ओट्यावरच उभे होते.

मी खाली आले. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "त्या तांबड्याच्या हाताचं का नाही सांगितलंत त्याला? एवढं आयतं विचारलं होतं."

"मी बोलाय लागलो तर त्यो कवा बोलंल?"

त्यांनी दोन्ही कप उचलले आणि न्हाणीपाशी जाऊन विसळायला लागले. माझ्याकडे पाठ होती. कप केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते पाणी ओततच राहिले.

"मला हाका मारत हुतं पोरगं," ते म्हणाले. "मी आसामात हुतो, बाई. मला कसं ऐकू येनार?"